बसू न देण्याची नोकरी

संगणकावर काहीतरी बसवून देणारा माणूस सगळ्यांना कळतो. बसू न देणारा माणूस कुणालाच समजावून सांगता येत नाही. मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा व्याह्यांनी विचारलं, "आपण नेमकं काय करता?" मी म्हणालो, "कंपनीच्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर आपोआप बसू नये, हे बघतो." व्याही जळकोटकडचे, शेती करून खत-बियाण्याचं दुकान चालवणारे, बोलायला मोकळे. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे राखनदार." मी हो म्हणालो. माझ्या नेमणुकीच्या कागदावर याहून लांबलचक काहीतरी लिहिलेलं होतं, पण ते मला स्वतःलाही कधी पाठ झालं नाही.

आमची कंपनी तेलबियांची. लातूरला सोयाबीनचं तेल काढायचा मोठा प्लांट, नांदेडला विभागीय कार्यालय आणि गोदामं, धर्माबाद, उमरी, जळकोट अशा गावांत खरेदी केंद्रं. मुख्य कार्यालय पुण्यात. तेल लातूरला निघतं आणि निर्णय पुण्यात निघतात, अशी साधारण विभागणी होती.

सर्व्हर म्हणजे काही दैवी वस्तू नव्हे. तोही संगणकच; फक्त तो एका माणसाचा नसतो, अनेकांचं काम त्याच्यावर अडलेलं असतं आणि तो कधी बंद होऊ नये अशी अपेक्षा असते. असे सर्व्हर वीस-पंचवीस गावांत पसरले की मुख्य कार्यालयाला वाटू लागतं, आपल्याला इथं बसून सगळं दिसायला हवं. मग ते एक देखरेखीचं सॉफ्टवेअर विकत घेतात. त्याचा एक मध्यवर्ती भाग पुण्यात राहतो आणि एक छोटा तुकडा प्रत्येक सर्व्हरवर जाऊन बसतो. तो तुकडा आतली खबर वर पाठवतो, वरून आलेले हुकूम पाळतो, नवे सुधार चढवतो आणि वाटलं तर यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो.

तो तिथं बसतो कसा? तर आपोआप. लग्नाच्या मांडवात दाराशी अत्तर लावणारा माणूस उभा असतो ना, तसं. तो विचारत नाही. मनगट दिसलं की लावतो. पुण्यातलं यंत्रही कंपनीच्या जाळ्यात नवा सर्व्हर दिसला की त्याच्याकडे जातं, किल्ली त्याच्यापाशी असतेच, आणि तुकडा बसवून येतं. ज्याला अत्तर सोसत नाही त्याने काय करायचं, याचं उत्तर म्हणजे वगळणीची यादी. जी यंत्रं सोडून द्यायची त्यांची नावं त्या यादीत आधीच घालून ठेवायची. पुण्याचं यंत्र निघण्यापूर्वी ती यादी वाचतं. इथं "आधीच" हा शब्द महत्त्वाचा. स्वारी निघाल्यावर नाव घालून उपयोग नसतो.

माझी नोकरी त्या यादीची.

हे सॉफ्टवेअर वाईट होतं असं माझं म्हणणं नाही. बहुतेक सर्व्हरना ते मानवलं. पण जिथं मानवलं नाही, तिथं काय होतं ते धर्माबादला आम्ही पाहिलं. ऐन हंगामात खरेदी केंद्राचा वजनकाटा चालू होता, बाहेर ट्रॅक्टरांची रांग, काट्यावर एक भरलेली ट्रॉली. तेवढ्यात काट्याच्या सर्व्हरवर तो तुकडा येऊन बसला आणि आपल्या स्वभावानुसार यंत्र बंद करून पुन्हा चालू करायला लागला. त्याला चालू व्हायला चांगला वेळ लागायचा. मी त्या दिवशी योगायोगाने तिथंच होतो. ट्रॅक्टरवाला खाली उतरला आणि खिडकीतून डोकं घालून म्हणाला,

"काय झालं ओ?"

"सर्व्हर पुन्हा चालू होतोय."

"कुनी बंद केला?"

"कुणी नाही. आपोआप."

"माझा बैल बी बसतो मधीच," तो म्हणाला, "पर बसायच्या आधी मान तरी हालवतो."

मागच्या रांगेत हशा पिकला. मीही हसलो, कारण काट्यावर होतं ते सोयाबीन होतं. सोयाबीन थांबतं. सगळ्या गोष्टी थांबत नाहीत.

धर्माबादच्या प्रकारानंतर सगळ्या केंद्रांना मी कळवलं की सर्व्हरवर नवीन काही बसलेलं दिसलं तर लगेच सांगा. उमरीच्या केंद्रावर मंगलताई होत्या. हिशेब, पावत्या, सर्व्हर, माठ, सगळं त्याच बघायच्या. पुढच्या खेपेला गेलो तर सर्व्हरवर जाड चादर, चादरीला दोरी आणि वर पाटी: "परवानगीशिवाय हात लावू नये." मी सांगितलं, ताई, ते हाताने कुणी बसवत नाही, तारेतून येतं. त्यांनी तारेकडे बघितलं. आवाज खाली आणून विचारलं, "सर, दिवसा येतं का रात्री?" मी म्हटलं, केव्हाही. चादर काढा, सर्व्हर तापतोय. त्यांनी काढली, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे भय होतं ते मला पुण्यात एकाही चेहऱ्यावर कधी दिसलं नाही, आणि ते तिथं थोडं असतं तर माझं काम निम्मं झालं असतं.

आता लातूरबद्दल.

लातूरकरांना सॉल्व्हंट प्लांट म्हणजे काय हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. सोयाबीनचे पोहे करून ते हेक्झेन नावाच्या द्रावणाने धुतात. द्रावण तेल घेऊन उतरतं. मागे पेंड राहते. मग पेंडीला वाफ देऊन तिच्यातलं द्रावण उडवतात आणि थंड करून परत गोळा करतात. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचं भावंड. त्याची वाफ हवेत मिसळली आणि ठिणगी मिळाली तर पुढचं सांगायला कुणी उरत नाही. म्हणून आत काडीपेटी नाही, नायलॉनचे कपडे नाहीत, हातोडीसुद्धा पितळेची. मोबाइल गेटवर लाकडी कप्प्यात ठेवायचा. साहेब असो की हमाल, कप्पा चुकत नाही.

प्लांटच्या कंट्रोल रूममधला संगणक प्लांट चालवत नाही. ते काम भिंतीवरच्या पेटीतलं एक मुकं यंत्र करतं. संगणक फक्त दाखवतो: कुठल्या भांड्यात किती उष्णता, किती दाब, हवेत वाफ किती. तो बंद पडला तर प्लांट थांबत नाही. गाडी भरधाव असताना समोरची काच एकदम काळी व्हावी, तसं होतं. शिवाय तो बंद होऊन चालू झाला तरी पडद्यावरचा कार्यक्रम आपला आपण सुरू होत नसे. हाताने सुरू करावा लागे, आणि त्याला त्याचा वेळ लागे.

असे संगणक तिथं दोन होते, एक कामाचा आणि एक राखीव. प्लांटमध्ये त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली वर्षभर चाले, धाकटी वर्षभर बंद.

पुण्यात कारखानीस नावाचे साहेब आले तेव्हा गोष्टी बदलल्या. हुद्दा: प्रमुख, डिजिटल परिवर्तन. माणूस हुशार होता आणि हे त्यांना कुणीतरी फार लवकर सांगून ठेवलेलं होतं. त्यांनी या देखरेखीच्या कामाला "दिव्यदृष्टी" असं नाव दिलं. शुभारंभाला समई लावली, लॅपटॉपला हार घातला, आणि नारळ फोडायचा कशावर यावर थोडी चर्चा होऊन तो शेवटी जिन्यात फोडला. त्यांच्या दालनात भिंतभर पडदा होता. प्रत्येक सर्व्हरचा एक ठिपका. तुकडा बसला की हिरवा, नाही तोवर लाल. साहेब पाहुण्यांना तो पडदा असा दाखवत की जणू प्रत्येक ठिपक्यामागे एकेक गाव त्यांनी स्वतः वसवलं आहे.

मी लातूरच्या दोन्ही यंत्रांची नावं वगळणीच्या यादीत घालायला सांगितली, तेव्हा बैठक झाली.

"तुम्ही अपवाद मागताय," कारखानीस म्हणाले.

"हो."

"उद्या प्रत्येक जण अपवाद मागेल."

"प्रत्येकाकडे हेक्झेन नाही, साहेब."

"अहो, हे जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर आहे."

"असेल. पण ते यंत्र बंद करून चालू करतं."

"फार थोडा वेळ."

"तेवढ्या थोड्या वेळात तुम्ही प्लांटमध्ये येऊन उभे राहाल का?"

हे मी विचारायला नको होतं, पण त्यामुळे नावं यादीत आली. प्लांटचं जाळं कंपनीच्या जाळ्यापासून कायमचं वेगळं करा, अशीही विनंती मी केली होती. ती पुढच्या बैठकीवर गेली आणि तिथून तिच्या पुढच्या. पुण्यात विनंत्या मरत नाहीत, नुसत्या पुढे जात राहतात.

पुढे माझी लातूरहून नांदेडला बदली झाली. आणि मग ती खंडेनवमी आली.

त्या दिवशी यंत्रांची पूजा असते, आणि पूजेच्या दिवशी यंत्राला काम लावायचं नाही अशी आपली रीत. पण सोयाबीनचा हंगामही नेमका तेव्हाच. माल दारात येऊन पडलेला, प्लांट कसा बंद करणार? त्यावर लातूरच्या लोकांनी फार पूर्वी तोडगा काढला होता: ज्याची जोडी आहे त्याला त्या दिवशी विसावा. पंप दोन असतील तर वर्षभर चालणारा थांबवायचा, धुऊन पुसून हळदकुंकू लावायचं आणि राखीव पंपावर दिवस काढायचा. तसंच पंख्यांचं आणि तसंच संगणकांचं. खंडेनवमीला सकाळी थोरली बंद, धाकटी चालू. दसऱ्याला पुन्हा थोरली.

या रिवाजाचा सगळ्यात कडक सांभाळ करणारा माणूस म्हणजे नबीभाई. प्लांटचे शिफ्ट इन्चार्ज, लातूरच्या जुन्या वस्तीतले, वडील पितळी भांड्यांना कल्हई करायचे. पूजेच्या वेळी आतली दोन-चार पोरं सोडून बाकीचे सगळे आवाराबाहेरच्या वर्कशॉपमध्ये आरतीला जात, कारण प्लांटमध्ये निरांजन लावायची सोय नाही, आणि नबीभाई कंट्रोल रूम सांभाळत. ईदला बाकीचे सांभाळत. मी एकदा त्यांना छेडलं होतं, "नबीभाई, पूजा आमची आणि विसाव्याची काळजी तुम्हाला?" ते म्हणाले, "यंत्राचा काय धरम, साहेब? सालभर राबती बिचारी. एक रोज बसू द्या की तिला."

त्या सकाळी नांदेडच्या कार्यालयात झेंडूचे हार आले होते आणि गुरुजी यायचे होते. मी नुसता बसलो होतो म्हणून पुण्याची पत्रं उघडली. कारखानीस साहेबांचं एक पत्र दोन दिवसांपूर्वीचं होतं, अभिनंदनाचं. दसऱ्याच्या मुहूर्तावर दिव्यदृष्टी संपूर्ण होत असल्याबद्दल सर्वांचे आभार. खाली बारीक अक्षरात: वगळणीच्या यादीची स्वच्छता करून बऱ्याच महिन्यांत जाळ्यात न दिसलेल्या मृत यंत्रांची नावं काढून टाकली आहेत.

मी ते वाचलं, आणि पुढच्या पत्रावर गेलो, आणि मग परत आलो.

धाकटी वर्षभर बंद असते. म्हणजे जाळ्यात दिसत नाही. म्हणजे मृत. आणि आज सकाळी लातूरला नबीभाईंनी तिला उठवून बसवलं असणार. पुण्याच्या यंत्राच्या दृष्टीने मांडवात एक नवा पाहुणा आला होता, आणि यादीत त्याचं नाव नव्हतं.

मी पुण्याला फोन लावला. सुट्टीच्या दिवशी तिथं ऋता नावाची मुलगी होती, ते सॉफ्टवेअर तीच सांभाळायची.

"सर, यादी मी माझ्या मनाने साफ केली नाही हो. वरून निरोप होता."

"ते नंतर. लातूरला आज एक नवं यंत्र दिसतंय का बघ."

कळफलक बडवल्याचा आवाज आला. मग तो थांबला.

"सर, दिसतंय. बसलंय त्याच्यावर. आता सुधार चढतायत."

"थांबव."

"पुढचे थांबवता येतील, सर. हे निघून गेलंय. हे झालं की ते यंत्र रीस्टार्ट होईल."

"तुला पुण्याहून त्या यंत्रात शिरता येईल? इथून पुढे तुला काही करता येईल?"

"त्या यंत्रावर शिरायची परवानगी फक्त साहेबांकडे आहे, आणि साहेबांचा फोन लागत नाहीये. मी लावत राहते, सर. लावत राहते."

तिच्या आवाजात मंगलताईंच्या चेहऱ्यावरचं ते काहीतरी होतं, आणि त्याही अवस्थेत मला तिच्याबद्दल बरं वाटलं.

लातूरच्या गेटवर किसनराव होते, पहारेकरी, औशाकडचे.

"किसनराव, मी नांदेडहून बोलतोय. नबीभाईंना आतल्या फोनवर जोडून द्या."

"साहेब, आतला फोन सकाळधरनं मुका हाय. पूजेला टेबल सरकवलं, तवा काय तुटलं की."

"मग जाऊन बोलवा त्यांना."

"गेट सोडून कसा जाऊ? हेक्झेनचा टँकर आत यायलाय."

"टँकर बाहेर थांबवा. गेट लावा आणि आत जा."

"कुनाच्या हुकमानं?"

"माझ्या."

"तुमची तर बदली झाली की, साहेब."

"किसनराव, धाकटीचा पडदा बंद होणार आहे. नबीभाई कंट्रोल रूममध्ये एकटे आहेत. आता कळलं?"

किसनरावांचा आवाज एकदम वेगळा आला. "काय सांगू त्यास्नी?"

काय सांगू? आयुष्यभर मी पानं पानं लिहून पुण्याला समजावत आलो आणि कुणाला समजलं नाही. इथं एका धावणाऱ्या माणसाच्या तोंडात मावेल एवढंच सांगायचं होतं. म्हणालो, "सांगा, पडदा जाणार आहे, माल थांबवा. एवढंच."

"पडदा जानार, माल थांबवा," किसनराव म्हणाले. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग बाहेर त्यांचं ओरडणं, "ए भाऊ, मागं घे, मागं घे टँकर!" आणि टँकरवाल्याचा हॉर्न.

त्यानंतर मी तो फोन कानाला लावून उभा राहिलो. लांबून वर्कशॉपमधली आरती ऐकू येत होती. कुणीतरी झांजा चुकवत होतं. टँकरवाला अधूनमधून हॉर्न मारून आपली नाराजी कळवत होता. नांदेडला माझ्या मागे आमचे गुरुजी आले आणि यजमान कोण म्हणून विचारू लागले. मी हाताने थांबा म्हटलं. मी ऐकत होतो ते आरतीतल्या खंडासाठी. आरती मध्येच थांबली तर काहीतरी झालं. चालू आहे तोवर सगळं जागेवर आहे, एवढंच मला त्या फोनमधून कळू शकत होतं. देवावर माझा विश्वास बेताचाच. पण आरती संपू नये असं मला आयुष्यात तेव्हा एकदाच वाटलं.

किसनराव धापा टाकत आले.

"सांगितलं साहेब."

"काय म्हणाले?"

"म्हनले, पडद्यावर इंग्रजीत चौकोन आलाय, त्यात आकडे उलटे पळून राहिलेत. त्यो चौकोन बंद बी होईना. माल थांबवला त्यांनी. आतल्या पोरांना बाहेर काढलं, समदे लिंबाखाली उभे हायेत."

"आणि नबीभाई?"

"ते आतच हायेत."

"का?"

"शेवटच्या भांड्यात पेंड हाय म्हनले, वल्ली. वाफ बंद केली तर द्रावन तिच्यातच राहतंय. तिथं जुनं काट्याचं मीटर हाय, त्याच्यापाशी उभा राहतो म्हनले, हातानं वाफ सोडतो."

थोरलीला उठवायलाही धाकटी परत येईल तेवढाच वेळ गेला असता, आणि पडदा नसताना हवेत किती वाफ आहे हे नबीभाईंना दिसणार नव्हतं. उष्णता आणि दाब त्या एका काट्यावर दिसणार होते. बाकी नाक. भिंतीवरचं मुकं यंत्र वेळ आली तर झडपा पाडेल, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि ते खरंही होतं. पण ती वेळ आली की नाही हे मला नांदेडला बसून कसं कळणार, ही शंका त्या खरेपणाला पुरून उरत होती. ऋताने दुसऱ्या फोनवर कळवलं की यंत्र जाळ्यातून नाहीसं झालं आहे. म्हणजे पडदा काळा झाला होता.

आरती संपली. मंत्रपुष्पांजली सुरू झाली. तीही संपली. माणसं बोलत बाहेर पडल्याचा गलका आला आणि तो एकदम बसला. लिंबाखालच्या पोरांनी त्यांना सांगितलं असणार. मग फोनमध्ये टँकरचं इंजिनही नव्हतं. किसनरावांनी तो लांब नेऊन बंद करायला लावला होता. हे मी सांगितलं नव्हतं.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही आणि नंतरही मी कुठं बघितलं नाही. ऋता म्हणाली, "सर, यंत्र परत दिसतंय." मी किसनरावांना म्हटलं, कुणाला तरी आत पाठवा, पडद्यावरचा कार्यक्रम हाताने सुरू करायला हवा. ते म्हणाले, इंजिनियर साहेब कवाच गेलेत पळत. आणि मग थोड्या वेळाने, "साहेब, नबीभाई दारात आलेत. पानी मागून राहिलेत."

मी खाली बसलो. आमचे गुरुजी म्हणाले, "यजमानांना बरं नसेल तर दुसरं कुणी बसेल."

मी गाडी काढून लातूरला गेलो. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळीकडे दुकानांच्या तराजूंना आणि रिक्षांना हार घातलेले. वाटेत फोनवर कारखानीस साहेबांचा संदेश आला. त्यांच्या भिंतीवर लातूरचा शेवटचा ठिपका हिरवा झाला होता. त्यांनी सर्वांना दसऱ्याच्या आगाऊ शुभेच्छा दिल्या होत्या.

प्लांटमध्ये पोचलो तेव्हा नबीभाईंची पाळी कधीच संपलेली होती. पुढच्या पाळीचा माणूस शेजारी उभा आणि हे धाकटीसमोर खुर्ची घालून बसलेले. डोळे लाल. प्लांट अजून सावकाशच चालवत होते.

"नबीभाई, घरी नाही गेलात?"

"जातो की. आधी एक सांगा. हे पुन्हा येनार का?"

"यादीत नाव परत घातलंय. पुण्याच्या मुलीने माझ्याशी फोनवर बोलत घातलंय."

"ते न्हाई विचारलं मी, साहेब. येनार का?"

यादीत नाव आधीही होतं. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. माझ्या धंद्यात या प्रश्नाला "शक्यता कमी आहे" असं उत्तर देतात. मी ते वाक्य तोंडापर्यंत आणलं आणि त्यांच्याकडे बघून गिळलं.

"मला सांगता येत नाही," मी म्हणालो.

"मग मी बसतो हितंच." ते पडद्याकडे वळले.

मी कार्यालयात गेलो. जाळ्याच्या तारा जिथं एकत्र येतात त्या कपाटाला हार घातलेला होता, दारावर कुंकवाचं स्वस्तिक. हार बाजूला करून दार उघडलं. प्लांटच्या यंत्रांच्या तारा एकीकडे आणि त्या सगळ्यांना कंपनीशी जोडणारी एक तार दुसरीकडे. ती उपटायचा मला अधिकार नव्हता. मी आता लातूरचा नव्हतो आणि पुण्याचा तर कधीच नव्हतो. ती एकच तार मी काढली. कंट्रोल रूममधले आकडे जागच्या जागी चालू राहिले. पुण्याच्या भिंतीवर थोड्याच वेळात लातूर लाल झालं असणार, आणि सणाच्या पाहुण्यांसमोर ते कुणाला तरी बरं दिसलं नसणार.

त्याची चौकशी पुढे रीतसर झाली. एका समितीने मी तार का काढली हे विचारलं, दुसरीने प्लांटचं जाळं आजवर वेगळं का केलं नव्हतं हे विचारलं, आणि दुसरीने विचारल्यावर पहिलीचा आवाज बसला. जाळं कायमचं वेगळं झालं. निवृत्तीच्या वेळी माझा जो गौरव झाला त्यात दिव्यदृष्टी प्रकल्पातील मोलाच्या योगदानाचा उल्लेख होता. मी शाल घेतली.

पण ते सगळं नंतर. त्या दिवशी मी कंट्रोल रूममध्ये परत गेलो आणि म्हणालो, "नबीभाई, आता येणार नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग उठले, पुढच्या पाळीच्या माणसाला दोन गोष्टी सांगितल्या, आणि आम्ही गेटपर्यंत चालत गेलो. किसनरावांनी कप्प्यातून त्यांचा मोबाइल काढून दिला.

"घ्या. सकाळधरनं थरथरून राहिला होता. मला वाटलं, घरून हाय."

नबीभाईंनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं. अंगठ्याने वर सरकवत गेले, अजून सरकवत गेले. मग पडदा माझ्यासमोर धरला. एकाखाली एक, सगळे फोन माझेच होते. किसनराव आत धावले तेव्हाचे, आरती चालू होती तेव्हाचे, पडदा काळा झाला तेव्हाचे. एका कानाला गेटचा फोन धरून दुसऱ्या हाताने मी हे करत होतो, हे मला तोवर कळलंही नव्हतं.

"साहेब," ते म्हणाले, "फोन आत नेत न्हाई आपन. तुम्हाला म्हाईत हाय."

"माहीत आहे."

"मग?"

नबीभाईंनी फोन खिशात टाकला आणि माझा दंड धरला.

"चला घरी. तुम्ही बी कुठं जेवलात."